आल्या दिवशीच दुरुस्ती

लेकीच्या ऑफिसात नवाकोरा सर्व्हर आला आणि ती सकाळपासून त्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसलेली पाहून तिच्या ऑफिसात विणकाम घेऊन बसलेल्या आईचा पारा चढला.

"गंडवलं गं तुला दुकानदाराने! परत दे आधी."

"आई, कारखान्यात भरलं तेव्हा ताजंच होतं. इथे पोचेपर्यंत सहा महिने गेले, तेवढ्यात हॅकर चोरांनी त्यात शिरायला नव्या फटी शोधल्या. त्या बुजवते, मगच कामाला जुंपते."

"सबबी नकोत. नवं म्हणजे नवं!"

लेकीने आईच्या मांडीवर पाहिलं. "नातवाचा स्वेटर नवाच ना? मग बाह्या का उसवतेस?"

"माझ्या विणकामात काडीची खोट नाही! माप दिल्यापासून तुझं पोर वाढलं, त्याला मी काय करू?"

लेक खुदकन हसली.

"दात काय दाखवतेस? कर तुझं काम. मला बाह्या अजून दोन बोटं वाढवायच्यात."