बाटल्या काठावर ठेव

वेंडेल प्राउटी तव्यावरची सँडविचं उलथत होता, तेव्हा ऑड्रा एका बाईला घेऊन आली.

"गुरुजी, गिऱ्हाईक आणलंय. सँडविचचं नाही, गाण्याचं."

व्हॅनला बांधलेल्या ताडपत्रीखाली बसलेले सात-आठ जण हसले. अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या त्या कुरणात दुपारपासून गाड्या लागत होत्या. 'टिन ऑर्चर्ड'चं वाजवणं साडेसहाला सुरू व्हायचं होतं. गेली एकोणीस वर्षं हा बँड जिथे जाईल तिथे वेंडेलची व्हॅन जाई. त्याच्या सँडविचला लोक नावं ठेवत, पण गाण्याचा अर्थ ऐकायला त्याच्याकडेच येत.

बाई पन्नाशीची होती. पोस्टाच्या नोकरीतला निळा शर्ट, कडक इस्त्रीचा. त्या रंगीबेरंगी गर्दीत ती एखादं रजिस्टर पत्र द्यायला आल्यासारखी उभी होती.

"एका ओळीचा अर्थ हवा होता," ती म्हणाली. "बाटल्या काठावर ठेव, नदी तुला ओळखते."

"दारूच्या बाटल्या!" दाढीवाला ग्रेडी लगेच म्हणाला. "या एका ओळीवर मी दारू सोडली, बाई. सहा वर्षं झाली."

"तू गप रे. तुझं ऐकून ऐकून आम्हीच प्यायला लागू," ऑड्रा म्हणाली. "वेंडेल, सांग ना. परवा सांगितलंस तसं."

वेंडेलनं हात पुसले. हा अर्थ आपल्याला छान सांगता येतो, हे त्याला ठाऊक होतं.

"दारूच्या नाहीत त्या," तो हळू आवाजात म्हणाला. "औषधाच्या. आपण जसे आहोत तसे लोकांना चालत नाही. मग ते आपल्याला गोळ्या देतात, शांत करतात, त्यांच्या मापात बसवतात. गाणं म्हणतं, ते सगळं काठावर ठेव आणि पाण्यात उतर. नदीला तू आहेस तशीच हवी आहेस."

ऑड्रानं डोळे पुसले. या ओळीला ती दरवेळी पुसायची.

"अगदी हेच," बाई म्हणाली. "शब्दन् शब्द. माझ्या मुलीनं वहीत लिहून ठेवलं होतं. खाली तुमचं नाव."

"काय नाव तिचं?" वेंडेलनं खुशीत विचारलं.

"ब्रिन किटरेज. मी लोर्ना, तिची आई. गेल्या उन्हाळ्यात ती इथे तीन दिवस होती. तिला फिट्स यायच्या. गोळ्यांनी चार वर्षं एकही आली नव्हती." तिनं खांद्यावरची पर्स सावरली. "घरी आल्यावर तिनं गोळ्या बंद केल्या. ऑक्टोबरमध्ये आंघोळीच्या टबात फिट आली. मी कामावर होते."

तव्यावर चीज करपायला लागलं. कुणीतरी शेगडी बंद केली.

वेंडेलला चेहरा आठवेना. त्या उन्हाळ्यात ताडपत्रीखाली कितीतरी पोरी बसल्या होत्या. तो आठवायचा प्रयत्न करत होता आणि बाई त्याच्याकडे बघत होती. तिला कळलं.

"मी कुणालाही गोळ्या सोडा म्हणून सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी गाण्याबद्दल बोलत होतो."

"आत्ता ऐकलं मी, काय सांगता ते."

ऑड्रा पुढे झाली. तिनं बाईचा हात धरला. "ताई, असं नाही का वाटत तुम्हाला, की पाणी... म्हणजे नदीनं तिला खरंच ओळखलं? गाण्यात शेवटी ती..."

"माझ्या मुलीचा अर्थ लावू नका," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ऑड्रानं हात सोडला.

एकेक जण उठला. ग्रेडी आपली खुर्ची घडी करून गेला, ऑड्रा सर्वांत शेवटी. फाटक उघडल्याची घोषणा झाली होती, निमित्त बरं मिळालं. ताडपत्रीखाली दोघंच उरली.

"ज्यानं गाणं लिहिलं त्याला तुम्ही कधी विचारलंत?" बाईनं विचारलं.

वेंडेल खोटं बोलू शकला असता. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"विचारलं होतं. अकरा वर्षांपूर्वी. बँडच्या बसजवळ सिगरेट ओढत उभा होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, त्या जागी दोन ठोक्यांत बसणारा शब्द हवा होता. 'बाटल्या' बसला."

"आणि?"

"मला वाटलं, खरा अर्थ लपवतोय."

वेंडेलनं तिला खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

मग टेकडीपलीकडून गिटारचे पहिले सूर आले आणि हजारो लोक एकदम ओरडले. ऊन अजून गवतावर होतं.

"हेच का ते?" तिनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली. बंद करता आलं असतं तर त्यानं ते बंद केलं असतं. लोक मोठमोठ्यानं गात होते, शब्द इथवर स्पष्ट येत होते. दोन कडवी झाली. ती ओळ आली, गेली. पुढे गाणं थांबलं. वाद्यं थांबली नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सूर वर चढत, मोडत, पुन्हा चढत. बाई खांद्याला पर्स लावून तशीच उभी होती.

"शब्द संपले?" तिनं विचारलं.

"संपले."

"मग इतका वेळ काय चाललंय?"

वेंडेलनं तोंड उघडलं. त्याच्यापाशी यावर एक उत्तर होतं, लोकांना आवडणारं. ते त्यानं गिळलं.

"काही नाही," तो म्हणाला. "नुसतं वाजवताहेत."