एक वाजेपर्यंत

एक वाजेपर्यंत अण्णांना घरी फिरकू द्यायचं नाही, एवढंच काम धाकट्याकडे आलं होतं. बाकीचं काम थोरला आणि ताई घरी राहून करणार होते. म्हणजे काम भंगारवालाच करणार होता. हे दोघं त्याला शेड दाखवणार होते.

शेडमध्ये अण्णांची मोटार होती. बावीस वर्षं बंद. सकाळी सुरू होताना सगळी गल्ली उठवायची, म्हणून तिचं नाव कोंबडी. ती काढून शेड पाडायची आणि तिथे अण्णांसाठी बिनजिन्याची खोली बांधायची, असं तिघा भावंडांनी 'अण्णांचं भलं' नावाच्या ग्रुपवर ठरवलं होतं. त्या ग्रुपवर अण्णा तेवढे नव्हते. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नव्हतं. थोरल्याचा फोन मात्र अण्णांच्याच टेबलावर चार्जिंगला असायचा.

मोटारींच्या संग्रहालयाची कल्पना धाकट्याची. अण्णा चटकन तयार झाले, वारही त्यांनीच ठरवला, आणि आज ते इस्त्रीचा कोट चढवून दारात उभे राहिले, तेव्हा त्याला जरा वाईटच वाटलं होतं.

दालनात पाऊल टाकलं आणि दोघांचाही आवाज आपोआप खाली आला. छत इतकं उंच, की वरच्या काचांतून उतरणारा उजेड खाली पोचेपर्यंत मऊ होत होता. त्या उजेडात साठ-सत्तर मोटारी, नुकतीच कुणी हाक मारल्यासारख्या, दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, रबरी भोंगे.

"बापरे," धाकटा म्हणाला. मोटार म्हणजे पार्किंग शोधायची कटकट, एवढंच त्याचं आजवरचं मत होतं.

"बापरे काय? जवळ ये. हात मागे बांध." अण्णांनी स्वतःचे बांधलेच होते. "हा पत्रा बघ. एका माणसाने लाकडी हातोडीने ठोकून ठोकून हा बाक आणलाय. दिसतो कुठे एक पोचा?"

धाकटा वाकला. काळ्या मडगार्डवर त्याचाच चेहरा होता, घरच्या आरशातल्यापेक्षा बरा.

"किती वाजले?" अण्णांनी विचारलं.

"अकराच. घाई काय आहे?"

"घाई कुणाला आहे?"

साडेअकराला पुन्हा तेच. पावणेबाराला पुन्हा. 'म्हाताऱ्याला घरची ओढ लागलीय,' धाकट्याने ग्रुपवर कळवलं. 'गोड बोलून थांबव,' थोरल्याचं उत्तर आलं.

पण थांबवावं लागतच नव्हतं. हिचं इंजिन हाताने फिरवायचं, चुकलं की मनगट गेलं. ही चढावर उलटी न्यावी लागायची, कारण रिव्हर्समध्ये जोर जास्त. अण्णा सांगत होते आणि चाळिशीचा, दोन पोरांचा बाप असलेला धाकटा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"आणि आपली?" त्याने न राहवून विचारलं.

"कोंबडी? तुझ्या वेळी तुझी आई मागच्या सीटवर कळा देतेय आणि पुलावर पाणी. मी म्हटलं, बाई, आज बंद पडलीस तर पोराला तुझंच नाव ठेवीन. घाबरली असावी. हॉस्पिटलच्या पायरीपर्यंत हूं की चूं नाही."

धाकटा हसला आणि मध्येच थांबला. इथली एकूण एक मोटार कुणीतरी भंगारात दिली नाही म्हणून इथे होती, हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं. तो खांबाआड गेला आणि त्याने ताईला फोन लावला.

"थांबव सगळं. कोंबडी द्यायची नाही."

"द्यायला असायला तर हवी!" ताई कुजबुजली. "कुलूप तोडलं तर शेड रिकामी. भंगारवाला आमच्याकडे बघतोय, आम्ही भंगारवाल्याकडे. चोरीला गेली रे! अण्णांना तूच सांग. माझी नाही छाती होत."

"मी?"

"लाडका कोण? तूच ना?"

धाकटा परत आला. "अण्णा, जरा बसूया का कुठेतरी? एक सांगायचंय."

"बारा वाजले?"

"वाजले. पण..."

"मग चल. बसायची सोय आत आहे."

आतल्या दालनात तीसेक माणसं खुर्च्यांवर बसलेली आणि समोर पांढऱ्या कापडाखाली एक मोटार. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या. अण्णा सरळ जाऊन त्यांतल्या एकीवर बसले. धाकटा दुसरीवर. कसं सांगावं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

संग्रहालयाच्या संचालिकाबाई कागद वाचू लागल्या. "...बंद पडल्यावरही बावीस वर्षं जिवापाड जपलेली ही मोटार वडिलांना सोडवत नव्हती. पण तिन्ही मुलांनी आग्रह धरला, की ती सगळ्यांना बघायला मिळाली पाहिजे. अशी मुलं दुर्मीळ. त्यांच्या वतीने धाकटे चिरंजीव आता कापड दूर करतील."

टाळ्या झाल्या. धाकटा जागचा हलेना.

"ऊठ," अण्णा समोर बघतच पुटपुटले. "आणि ताईला कळव, त्या भंगारवाल्याला निदान चहा पाजून पाठव म्हणावं."