नाव घेते

"वहिनी, नाव घेतल्याशिवाय आम्ही वाणाला हात लावणार नाही!"

राष्ट्रपती भवनातलं तिचं पहिलंच हळदीकुंकू. दिल्लीतल्या मराठी बायका जमल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी कुणी 'वहिनी' म्हणालं होतं, एरवी इथे ती सगळ्यांची 'मॅडम'. तिने हौसेने पदर सावरला.

"तिळाच्या वडीला गोडी गुळाने आली, महामहिमांचं नाव घेते हळदीकुंकवाच्या वेळी!"

टाळ्या पडल्या. "कसं बाई सुचतं तुम्हाला!" शेजारची म्हणाली. तीही हसली. नवऱ्याचं नाव ऐनवेळी ओठांवर आलंच नव्हतं, हे तिने कुणाला कळू दिलं नाही.

एरवी ती त्यांना 'अहो'च म्हणायची. पण या लांबलचक दालनांत 'अहो' म्हटलं, की पांढऱ्या हातमोज्यांतलं कुणीतरी धावत यायचं. ते यायचे नाहीत. नाव उरलं होतं ते उखाण्यापुरतं, आज तिथूनही गेलं.

बायका गेल्यावर ती बशीत एक वडी घेऊन त्यांच्या कार्यालयापाशी आली. दाराशी नवा अधिकारी उभा होता.

"महामहिम बैठकीत आहेत, मॅडम. काही निरोप?"

तिने मागेपुढे पाहिलं. मग लग्नानंतर पहिल्यांदाच, उखाण्यावाचून, ते नाव उच्चारलं.

"दिगंबरना सांगा, तिळगूळ घ्यायचा राहिलाय."

अधिकारी गोंधळला. अदबीने पुढे वाकून त्याने विचारलं,

"कोण दिगंबर, मॅडम?"