सहा नंबरचं सॅम्पल

“सहा का?” मॅडमनी तिसऱ्यांदा विचारलं.

बुटांचे नमुने सांभाळणाऱ्या सॅम्पलभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्मा मुळात स्वच्छच होता.

मॅडम पुरवठा विभागात नव्या होत्या. खेळाचे बूट बनवणारी कंपनी, पन्नास देशांत दुकानं, आणि या एकाच ऑफिसचा माल दर हंगामाला आठ दिवस उशिरा. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी महिनाभर माग काढला. बोटी वेळेवर होत्या, गोदाम वेळेवर होतं. शेवटी त्या येऊन थांबल्या त्या भाऊंच्या टेबलापाशी. बाजारात यायच्या सहा महिने आधी प्रत्येक नव्या बुटाचा एक जोड नमुना म्हणून ऑफिसात येतो. तो बघून दुकानदार मागणी नोंदवतात, जाहिरातीचे फोटोही त्याच जोडावर निघतात. बायकांच्या बुटाचा नमुना जगभर पाच नंबरचा. फक्त या ऑफिसच्या फॉर्मवर, सव्वीस वर्षं, भाऊंच्या सुरेख अक्षरात सहा. त्या एका जोडासाठी कारखान्यात वेगळा साचा चढवायचे आणि त्यात आठ दिवस जायचे, की मागणी आणि माल दोन्ही तेवढेच मागे.

“जाहिरातीतल्या मुली पुढे कापूस कोंबून आपले बूट घालतात, भाऊ! इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही?”

“विचारलं की. मी म्हटलं, पूर्वीपासून असंच आहे. ऑफिसात एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही.”

“आणि खरं काय?”

पंचावन्न वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला.

“बायकोचा पाय सहाचा आहे.”

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. चांगलं खडसवायचं म्हणून तयारी करून आल्या होत्या बिचाऱ्या.

मग भाऊंनी सगळं सांगितलं. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा बागेत भेटले, तेव्हा चालता चालता तिच्या चपलेचा पट्टा तुटला. ती अगदी रडकुंडीला आली. भाऊंच्या खिशात सुई-दोरा कायमच असायचा. त्यांनी तिथेच बाकावर बसून पट्टा शिवून दिला. चपलेच्या तळाला उमटवलेला सहाचा आकडा तेव्हाच बघून ठेवला. धंद्यातला माणूस, चेहऱ्याआधी नंबर पाठ झाला. दुकानदारांनी बघून झालं की नमुन्याचा जोड सॅम्पलवाल्याने घरी न्यायचा, अशी ऑफिसची जुनी रीत होती. लग्न ठरलं त्याच आठवड्यात भाऊंनी फॉर्मवरचा पाच खोडून सहा केला.

“रोज सकाळी तेच बूट घालून फिरायला जाते. बायका थांबवून विचारतात, कुठून घेतलेस गं? ही मान उडवून सांगते, बाजारात यायचेत अजून! मी मागून चालत असतो, मला ऐकू येतं.” भाऊ हसले. “पाय तेवढे सदा गार तिचे. भर उन्हाळ्यात दोन-दोन मोजे चढवते. चपला आणायला मात्र मला बरोबर नेत नाही. म्हणते, तुम्ही दुकानात शिवणी तपासत बसता.”

मॅडमना हसू आलं. “भाऊ, दुकानातून घ्या ना त्यांना. सहाचा जोड मी स्वतः पाठवते.”

“दुकानात आल्यावर काय, कुणीही घालेल. गावात सगळ्यात आधी हिच्या पायात, त्यातच तर सगळी मजा आहे. दुसरं काय मोठं दिलंय मी तिला?”

मॅडमनी कोरा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. मग हळूच म्हणाल्या, “फॉर्म आजच जायचाय. पुढचा हंगामही उशिरा झाला, तर हे ऑफिस बंद करायचं म्हणताहेत. चाळीस माणसं आहेत इथं.”

भाऊंनी पेन उचललं. पाच लिहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वाकडं आलं.

घरी पोचले तेव्हा बायको नुकतीच कुठूनशी चालत आली होती. दारातल्या स्टुलावर बसून बुटाची नाडी सोडत होती.

“अगं, एक चूक झालीय माझ्या हातून,” म्हणत भाऊंनी उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. सहाचा आकडा, आठ दिवसांचा उशीर, कापूस कोंबणाऱ्या मुली, आजचा फॉर्म. “आता इथून पुढे पाचच येणार. तुला व्हायचा नाही. मला फार वाईट वाटतंय गं.”

ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

“म्हणजे माझ्यासाठी तुम्ही कंपनीला सहा करायला लावलं? अहो, मला वाटायचं, कंपनीच सहाचे धाडते!”

“कंपनी पाचचेच धाडत होती. मीच बदललं.”

“अगं बाई!” म्हणून ती जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाऊंना काही उमगेना. तिने बूट काढला, एक मोजा काढला. त्याखालचा दुसरा काढला. मग बूट उचलून आत बोटं घातली आणि पुढच्या टोकातून कापसाचा हा एवढा बोळा ओढून त्यांच्या हातावर ठेवला.

“इतक्या हौसेने आणायचात, कुठल्या तोंडाने सांगणार होते? अहो, पट्टा तुटला ती चप्पल ताईची होती. माझा पाय पाचचा आहे.”