उखाण्याचं कुलूप

दिगंबरराव सकाळी स्वतःच्या मुलीचं नाव विसरले, तेव्हाच शालनताईंनी ओळखलं. मेंदूला झटका बसल्यापासून नवऱ्याची सगळी स्मृती घरच्या कॉम्प्युटरवर चालायची. आणि आता त्यात बाहेरून व्हायरस घुसला होता, एकेक आठवण पुसत चालला होता.

त्या धावत कॉम्प्युटरपाशी गेल्या. त्याचं कुलूप त्यांच्या आवाजाचं होतं आणि किल्ली म्हणजे त्यांचा लग्नातला उखाणा. धापा टाकतच त्यांनी नाव घेतलं, "आल्याच्या चहात साखर घातली थोडी, दिगंबररावांच्या संसारात माझ्यामुळे गोडी."

"मालकीणबाई आधीच आत आहेत," कॉम्प्युटर म्हणाला. "नकली आवाजाला प्रवेश नाही."

"अरे मेल्या, मीच मालकीण! बंद कर ते पुसणं!"

मग त्यांना पुतणीचं लग्न आठवलं. "काकू, नाव घ्या!" म्हणून सगळ्याजणी मागे लागल्या होत्या, आणि त्यांनी लाजत लाजत हाच उखाणा घेतला होता. त्याचा व्हिडिओ कुणीतरी नेटवर टाकला, तेव्हा कौतुकानं त्यांनीच तो गावभर पाठवला. व्हायरसनं आवाज आणि किल्ली दोन्ही तिथूनच उचलली होती.

वायर उपटावी, तर उरलेली स्मृतीही गेली असती.

एवढ्यात भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांच्याच लाजऱ्या आवाजात तो उखाणा पुन्हा आला.

शालनताईंनी नवऱ्याचे खांदे गदागदा हलवले. "अहो, ती मी नाही! माझ्याकडे बघा ना!"

दिगंबररावांनी त्यांचे हात हळूच दूर केले. स्पीकरकडे बघून ते हसत होते.

"बाई, जरा गप्प बसता का? माझी बायको नाव घेतेय."