डाव्या डोळ्याची पाळी

पुतळाबाईच्या डाव्या भुवईवर चिकटपट्टी लावून झाली होती. पट्टीवर निळ्या पेननं फुली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वी शिरूरच्या याच शिबिरात झालं होतं. आज डाव्याची पाळी. तिच्यासह न्हावऱ्याच्या अकरा बायका, सगळ्यांचा उजवा डोळा तेव्हाच झालेला, बाकावर ओळीनं बसल्या होत्या. गावची आशा सेविका सुवर्णा घरोघर हिंडून, हातापाया पडून त्यांना घेऊन आली होती.

"सुवर्णा, एक इचारू का?" पुतळाबाई हळूच म्हणाली. "मोतीबिंदू निघाला, पन मला वितीपल्याडचं दिसत न्हाई. माझा जुना जाड चष्मा लावला की मगच जरा कळतं. मग मी चिरून कशाला घेतलं?"

"महिनाभर बोलला का न्हाईत, मावशी?"

"बाकीच्यांना दिसतंय ना. म्हटलं, माझंच कायतरी चुकलं असंल."

सुवर्णा उठली. टेबलापाशी तपासणीची पोरगी, दीक्षा, केसपेपर लावत होती.

"मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवता त्या भिंगाचा नंबर कसा ठरवता हो तुम्ही?"

"डोळ्याची लांबी मोजतो, बुबुळाचा गोलावा मोजतो. त्यावरून निघतो," दीक्षा म्हणाली. "लांबी एक मिलिमीटरनं चुकली तरी अडीच-तीन नंबरचा फरक पडतो. तरुणपणापासून लांबचं न दिसणाऱ्या, जाड चष्मेवाल्यांचा डोळा जास्त लांब असतो."

"मावशींचा पेपर दाखवा."

लांबी २२.९. गोलावा ४४. भिंग २२.

"आता त्यांच्या शेजारच्या गीताबाईंचा."

लांबी २२.९. गोलावा ४४. भिंग २२.

सुवर्णानं गठ्ठाच ओढून घेतला. अकरा कागद टेबलावर पसरले. अकराही कागदांवर तेच तीन आकडे, एकाच हातानं भरलेले. दीक्षानं मान खाली घातली.

"मशिन दिवाळीपासून बंद आहे, ताई," ती पुटपुटली. "मी सांगितलं होतं साहेबांना."

तेवढ्यात शिबिराचे व्यवस्थापक आत आले. कागद पसरलेले बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काय चाललंय? डॉक्टर आत खोळंबलेत."

"साहेब, ह्या अकरा जणींचे डोळे एकाच मापाचे कसे?"

"ताई, ह्याला सरासरी म्हणतात. बायकांचा डोळा थोडा आखूड असतो, पुरुषांचा थोडा लांब. बायकांना बावीसचं भिंग, पुरुषांना एकवीसचं. दहांतल्या आठांना चालून जातं."

"आन् उरलेल्या दोघींना?"

"त्यांना चष्मा देतो ना आपण. फुकट देतो."

सुवर्णानं पुतळाबाईकडं बोट केलं. "ह्या मावशी लगीन होऊन आल्या तवापासून जाड चष्मा लावतात. त्यांचा डोळा लांब हाय हे सांगायला मशिन कशाला लागतं? तो चष्मा बघितला असता तरी कळलं असतं. बघितलाच न्हाई कुणी!"

"आवाज खाली करा. इथं पेशंट आहेत."

"तेच सांगतीय मी. पेशंट हायेत."

बाकावरून गीताबाई बोलली, "अगं बया! पोलकं शिवायला टाकलं तरी टेलर टेप लावतो."

कुणी हसलं नाही. पुतळाबाईनं भुवईवरची पट्टी नखानं उचकटली आणि ओढून काढली. दोन केस पट्टीबरोबर आले. मग गीताबाईनं काढली. मग पलीकडचीनं. फुल्या मारलेल्या पट्ट्या एकेक करून फरशीवर पडत गेल्या.

व्यवस्थापकांचा आवाज बदलला. त्यांनी एक केसपेपर उचलला, उलटा केला आणि सुवर्णाच्या डोळ्यांसमोर धरला.

"तक्रार करायचीय का? करा. पण आधी हे वाचा. 'माहिती समजावून सांगितली, आणणाऱ्या कार्यकर्तीची सही.' कुणाची आहे? अकराच्या अकरा कागदांवर आहे. आम्ही अडकलो तर तुम्हीही अडकणार, ताई."

सही तिचीच होती. घाईघाईनं, बसच्या वेळेकडं बघत केलेली. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते तिनं एकदाही वाचलं नव्हतं. पुतळाबाई तिच्याकडं बघत होती, पण तिला काय दिसत होतं कोण जाणे.

सुवर्णानं व्यवस्थापकांच्या हातातून कागद घेतला. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, खुर्चीत बसली आणि लिहायला लागली.

"काय लिहिताय?"

"तक्रार. चूक कुणाकुणाची, त्यांची नावं." पेन थांबला नाही. "पयलं माझंच लिवलंय."

दुसऱ्या ओळीवर सुवर्णानं दोनाचा आकडा घातला आणि मान वर केली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा, साहेब. नीट सांगा. मी अंदाजानं भरत न्हाई."