कबुली द्यायला कुणीतरी हवं

“कबुली मिळाल्याशिवाय नवा पाळक नाही. स्वच्छ लिहिलंय.” मास्तरांनी चर्चच्या मुख्य कार्यालयाचं पत्र टेबलावर ठेवलं. “आधी आपसांत समेट करा, मग पाळक मागा म्हणे.”

पाळक शोधायच्या समितीत आता दोघंच उरली होती. सचिव मास्तर आणि अध्यक्ष सिस्टर. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. सगळी मंडळी त्यांना याच नावाने हाक मारायची.

आठ महिने चर्चला पाळक नव्हता. तीन बाळांचे बाप्तिस्मे अडले होते, दोन लग्नं दुसऱ्या चर्चमध्ये लागली होती. रविवारी मास्तर जुनी प्रवचनं वाचून दाखवायचे आणि मागच्या बाकांवर लोक खुशाल डुलक्या काढायचे.

आधीचे पाळकसाहेब मुख्य कार्यालयाला आलेल्या तीन निनावी पत्रांमुळे गेले. शिवणकाम करणाऱ्या विधवेच्या घरी ते नको तेव्हा जातात, असं त्यांत लिहिलं होतं. चौकशीत काही म्हणजे काही निघालं नाही. पण त्यांच्या मुलींना शाळेत नको नको ते ऐकावं लागलं, आणि एका सकाळी पाळकांच्या घराला कुलूप दिसलं. शिवणवालीने चर्चला येणं सोडलं. पाळकसाहेबांनी तिच्याकडे सोपवलेलं महिला मंडळ पुन्हा सिस्टरांच्या गळ्यात पडलं.

पत्रं लिहिणाऱ्याचीच कबुली कार्यालयाला हवी होती, आणि सगळ्यांचं बोट मंडळीतल्या सुताराकडे होतं. बाकं दुरुस्त करायची सोडून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, म्हणून तो भर सभेत पाळकसाहेबांशी भांडला होता. “तुम्ही इथं टिकत नाही,” असं तोंडावर म्हणाला होता. आणखी पुरावा कुणी मागितला नाही.

“मी बोलते त्याच्याशी,” सिस्टर म्हणाल्या. “आईच्या पट्टीला रोज जातेच मी.”

सुताराची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीवर जखमा झाल्या होत्या. सिस्टर रोज यायच्या, कोमट पाण्याने जखमा धुवायच्या, औषध लावून पट्टी बांधायच्या. एक पैसा घेत नसत. म्हातारी त्यांचा हात गालाला लावून घ्यायची.

त्या दिवशी पट्टी झाल्यावर सिस्टर बाहेरच्या खोलीत आल्या. सुतार दाराच्या फळीवर रंधा मारत होता.

“मी लिहिली नाहीत पत्रं,” त्यांनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

“मी कुठं विचारलं?” सिस्टर स्टुलावर बसल्या. “पण मंडळीची घडी विस्कटलीय, ती कुणीतरी बसवायला हवी. तुझ्या आईला एकदा पाळकांच्या हातून प्रभुभोजन घ्यायचंय. रोज विचारते मला. किती दिवस काढेल, तुला ठाऊक आहे.”

रंधा थांबला.

“आणि मी नाही म्हटलं तर? उद्या पट्टीला याल ना?”

सिस्टरांनी पिशवीची चेन लावली. “येईन की. जमेल तसं. माझेही गुडघे आता साथ देत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सुताराने स्वतः पट्टी बदलायचा प्रयत्न केला. म्हातारीच्या किंकाळ्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या.

रविवारी उपासना संपता संपता सुतार उठला आणि पुढे जाऊन उभा राहिला.

“पत्रं मी लिहिली,” तो म्हणाला. “पाळकसाहेबांचा काही दोष नव्हता. शिवणवाल्या ताईंचाही नव्हता.”

मास्तरांनी शिवणवालीला मुद्दाम बोलावून आणलं होतं. ती उठली, त्याच्यापर्यंत चालत गेली आणि तिने सगळ्यांसमक्ष त्याच्या थोबाडीत मारली. तो हलला नाही. मग सिस्टर पुढे झाल्या. त्याचे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, “प्रभूने क्षमा केली, मंडळीनेही केली.” कितीतरी बायका डोळे पुसत होत्या.

संध्याकाळी सिस्टर पट्टीला हजर होत्या.

क्षमा झाली, पण सुताराची कामं गेली. मास्तरांनी शाळेच्या बाकांचं काम दुसऱ्याला दिलं. रस्त्यात लोक मान फिरवू लागले. कुणीतरी त्याच्या दारावर खडूने ‘पत्रवाला’ लिहिलं. तो रोज पुसायचा, रोज नवं लिहिलेलं असायचं.

दोन महिन्यांनी नवे पाळक आले. पहिल्याच आठवड्यात सुताराच्या घरी जाऊन त्यांनी म्हातारीला प्रभुभोजन दिलं. दुसऱ्या आठवड्यात शिवणवालीला विनंती केली, की महिला मंडळ तिनेच पुन्हा हाती घ्यावं. सिस्टरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

त्याच महिन्यात म्हातारी गेली. मातीला जेमतेम दहा माणसं होती. पाळकांनी प्रार्थना केली, खांदेकऱ्यांनी फावडी उचलली, माणसं पांगली. दफनभूमीच्या फाटकापाशी सुतार सिस्टरांसाठी थांबला होता.

“फार केलंत तुम्ही आईचं,” तो म्हणाला. “दोन वर्षं.”

“अरे, माझं कामच ते,” सिस्टर म्हणाल्या. “आता स्वतःला जप. काही लागलं तर सांग.”

“लागणार नाही. आता पट्टी कुणाला बांधायची नाही. म्हणून आजच सांगतो.” त्याने फाटक त्यांच्यासाठी उघडून धरलं. “या पाळकांबद्दल पत्र लिहू नका, सिस्टर. मागची तिन्ही टपालपेटीत टाकताना मी तुम्हाला पाहिलंय.”